माडीच्या लाकडी जमिनीवर टाइल: गवंड्याच्या आधी सुतार

खानदेशातल्या जुन्या घराची माडी म्हणजे कडीपाट. भिंतीपासून तुळईपर्यंत सागाच्या नाहीतर निंबाच्या कड्या, त्यांवर फळ्या, आणि बऱ्याच घरांत फळ्यांवर चार-चार इंच माती, वरून सारवण किंवा चुन्याचा कोबा. अमळनेर, पारोळा, एरंडोल, चोपडा, यावल, शिरपूर, कुठल्याही जुन्या गावठाणात शिरा, अशा माड्या अजून वापरात दिसतील. घरच्यांची तक्रारही ठरलेली: वर झाडू मारला की खाली जेवणाऱ्याच्या ताटात माती. मग एक दिवस ठरतं, माडीवर टाइल टाकून घेऊ. तेही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या आत.

इथपर्यंत ठीक. पुढे गोष्ट बिघडते ती गवंड्याला थेट वर नेल्यामुळे. तो जमीन बघतो, दोन कोपऱ्यांत तीन बोटांचा फरक आहे म्हणतो, आणि वाळू-सिमेंटचा माल टाकून लेव्हल करून देतो. दिसायला काम झकास. पहिला पावसाळा गेला की सांधे सुटतात, टाइल पोकळ वाजायला लागतात, आणि मधल्या रांगेत एक लांब तडा जातो.

नवख्या माणसाच्या डोक्यात प्रश्न असतो, जमीन उंचसखल आहे तिचं काय करायचं. तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, जमीन पायाखाली वाकते का? उंचसखल जमीन सपाट करता येते. वाकणारी जमीन कितीही सपाट केली तरी टाइल टिकत नाही.

घरातली वडीलधारी माणसं इथे हमखास आडवी येतात. "आमच्या माडीवर ज्वारीची पोती रचलेली असायची, कापूस भरलेला असायचा, तेव्हा काही झालं नाही. टाइलचं काय वजन?" आबांचं म्हणणं खोटं नाही. कड्या मोडणार नाहीतच. पण पोत्याला वाकलेलं चालतं, टाइलला चालत नाही. कडी अर्धा इंच झोळ खाऊन पुन्हा वर येते, लाकडाला त्याचं काही वाटत नाही. वर चिकटवलेली टाइल म्हणजे सुतळीच्या खाटेवर ठेवलेला आरसा. बसलात की गेला. लाकडी बांधकामाच्या आयएस ८८३ या भारतीय मानकातही हा फरक केलेला आहे. टाइलसारखी ठिसूळ वस्तू पेलणाऱ्या लाकडी तुळईचा झोळ तिच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकांमधल्या अंतराच्या, ३६० व्या भागापेक्षा जास्त नको, एरवी २४० वा भाग चालतो. दहा फुटी गाळ्याला हे साडेआठ मिलिमीटर होतात. आणि हा झोळ पूर्ण भार आल्यावरचा, नुसतं चालताना जाणवणारा नव्हे.

खालून सुरुवात करा

पहिला अर्धा दिवस माडीवर जाऊच नका. खालच्या खोलीत स्टुलावर उभे राहा, हातात बॅटरी आणि जाड पेचकस घ्या. कडीपाट उघडा असतो ही मोठी सोय आहे. स्लॅबच्या घरात आतलं काही दिसत नाही, इथे सगळं समोर आहे.

कडीचं मधलं अंग बघायची घाई करू नका. कुजते ती टोकं, जिथे कडी भिंतीत शिरते. बाहेरून पावसाचं पाणी भिंतीत मुरलं की ओल तिथेच थांबते. प्रत्येक टोकाजवळ पेचकस दाबून बघा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुततं आणि टणक आवाज येतो. पेचकस अर्धा इंच सहज आत गेला, किंवा लाकूड ओल्या भाकरीगत दबलं, तर ती कडी बाद धरा. खडूनं फुली मारा आणि पुढे चला. वाळवीचे मातीचे बोगदे भिंतीवरून कडीकडे चढलेले आहेत का, फळ्यांच्या बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळतोय का, तेही बघा. हातोडीनं ठोकत जा. बद्द आवाज आला की आत पोकळी. जुना साग सहसा तग धरतो. घात होतो तो नंतरच्या दुरुस्तीत घुसडलेल्या हलक्या लाकडात, म्हणून रंगानं वेगळी दिसणारी प्रत्येक कडी नीट तपासा.

आता खांब. तापीकाठची आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांबाचं दगडी उथळं, म्हणजे खालची बैठक, तिच्यासोबत वर्षानुवर्षं खाली-वर होत राहतं, आणि माडीचा उतार कित्येकदा तिथून आलेला असतो. फळ्यांचा त्यात काही दोष नसतो. हा खचण्याचा प्रकार जुना होऊन थांबलाय की अजून चालू आहे, ते कळलं पाहिजे. भिंतीत तडा असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच शाबूत राहिली तर पुढे चला. फुटली तर आधी पाया आणि खांब. टाइलचे पैसे तिकडे लावा. या टप्प्यावर तासाभरासाठी का होईना, एखाद्या बांधकाम अभियंत्याला घर दाखवावं असं माझं मत आहे. खांब हलवणं हे सुतार-गवंड्यांनी आपसात ठरवायचं काम नाही.

किती वाकते ते मोजा

खालच्या खोलीत मधल्या कडीच्या दोन टोकांना खिळे मारून त्यांत दोरी ताणून बांधा, कडीजवळ पण तिला न टेकता. खोलीच्या मध्यावर दोरी आणि कडी यांच्यातलं अंतर स्केलनं मोजा. मग वर चार मोठ्या माणसांना त्याच जागी जवळजवळ उभं करा आणि पुन्हा मोजा. जो फरक येईल तो तुमचा झोळ.

माझा ठोकताळा असा: फरक एका सुताच्या, म्हणजे तीन मिलिमीटरच्या, आत असेल तर कड्यांना हात लावायची गरज नाही. एक ते दोन सूत असेल तर ताठपणा वाढवावा लागेल. दोन सुतांच्या वर गेला तर मजबुतीचं काम होईपर्यंत टाइलच्या दुकानात जाऊच नका. गाळ्याच्या ३६० व्या भागाचा हिशेब अभियंता करेल. हा ठोकताळा त्याच्याकडे जाण्याआधी अंदाज यावा म्हणून आहे.

वर उभं राहून टाच आपटायचीही एक पद्धत आहे. खोलीच्या मध्ये भांडंभर पाणी ठेवायचं आणि हातभर अंतरावर पायाच्या चवड्यांवरून टाचेवर धपकन यायचं. पाणी थरथरून लगेच शांत झालं तर बरं. हिंदकळत राहिलं, किंवा खालून कुणी ओरडलं, "भाऊ, आठे हालस!" (इथे हलतंय), तर दोरी न लावताही उत्तर मिळालं.

माती उतरवणं

फळ्यांवर मातीचा थर असेल तर तो पूर्ण काढायचा. यात तडजोड नको. दहा बाय बाराच्या खोलीत चार इंच माती म्हणजे सुमारे चाळीस घनफूट, वजनात पावणेदोन टनांच्या आसपास. गवंड्याचा दोन इंची माल टाकला तर तो वाळल्यावरही अकराशे किलोच्या वर जातो. माती तशीच ठेवून वर माल आणि टाइल टाकल्या की कड्यांवर तीन टनांचं कायमचं ओझं बसतं, माणसं-सामान वेगळं.

याउलट माती काढून प्लाय, सिमेंट फायबर बोर्ड, चिकटवणारा मसाला आणि टाइल असं काम केलं तर सगळं मिळून साधारण साडेपाचशे किलो होतं. म्हणजे टाइल बसवूनही माडी आधीपेक्षा टनभरानं हलकी. या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण हेच आहे. फळ्यांवर माती मुळातच नसेल, तर मात्र हे साडेपाचशे किलो नवं ओझं आहे, ते अभियंत्याच्या हिशेबात धरायला सांगा.

माती काढताना खालच्या खोलीत कड्यांना टेकू द्या, बल्ल्या किंवा लोखंडी प्रॉप. खोलीच्या मध्ये ढीग लावायचा नाही. घमेल्यानं भरून लगेच खाली उतरवायची, भिंतीकडून दाराकडे येत. वर्षानुवर्षांची धूळ, चुना आणि घुशी-उंदरांची घाण त्यात असते, तेव्हा नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या. फळ्यांवरून किंवा मातीतून विजेची वायर गेलेली असली तर मेन स्विच बंद करूनच पावडं चालवा. जुन्या दुरुस्त्यांत लोकांनी काय काय पुरून ठेवलेलं असतं, सांगता येत नाही.

फळ्या उघड्या पडल्या की जरा थांबा आणि त्यांच्याकडे बघा. सातपुड्यातल्या सागाची इंचभर जाडीची, अख्खी, न किडलेली फळी असेल तर मला विचाराल तर टाइल बसवूच नका. रंधा मारून, फटी लाकडाच्या पट्ट्यांनी बुजवून पॉलिश करा. ताटात माती पडायची ती बंद होते, आणि तसलं लाकूड आज विकत घ्यायला गेलात तर परवडणार नाही. पण फळ्या जागोजागी किडलेल्या, निरनिराळ्या जाडीच्या, मध्येच खोक्याच्या फळ्या ठोकलेल्या असतील, तर पुढे वाचा.

ताठपणा आणायचे तीन मार्ग

बाद कडीच्या शेजारी तेवढ्याच उंचीची नवी, वाळलेल्या लाकडाची कडी लावायची आणि दोन्ही आरपार बोल्टनं आवळायच्या. दोन्ही टोकं भिंतीवर किंवा तुळईवर पूर्ण टेकली पाहिजेत. मध्येच लटकणारा तुकडा शोभेचा. सुतारांना हे काम ठाऊक असतं, फक्त खिळ्यांवर भागवू देऊ नका.

दोन कड्यांच्या मध्ये आडवे लाकडी ठोकळे ठोकून बसवणं हा दुसरा उपाय. त्यानं एकटी कडी वाकत नाही, शेजारणीही भार घेतात. गाळ्याच्या मध्यावर एक रांग, गाळा मोठा असेल तर दोन.

सगळ्यात गुणकारी उपाय तिसरा: गाळ्याच्या मधोमध खालून एक नवी तुळई किंवा लोखंडी गर्डर. गाळा निम्मा झाला की झोळ आठव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. खालच्या खोलीचं रूप थोडं बदलतं, गर्डरला टेकायला भिंतीत मजबूत जागा लागते, म्हणून घरचे कुरकुरतात. पण कड्या चांगल्या आणि नुसत्याच बारीक असतील, तर याच्याइतका खात्रीचा इलाज नाही.

गर्डर लावताना जुन्या कड्या जॅकनं एका दिवसात सरळ उचलायचा मोह आवरा. पन्नास-साठ वर्षं वाकून बसलेलं लाकूड घाईत उचललं की भिंतीचा गिलावा फुटतो, वरच्या चौकटी आखडतात. आहे त्या जागी गर्डर टेकवा, फटीत लोखंडी पत्र्याच्या पाचरी घाला. उरलेला झोळ वरून सपाट करता येतो.

आता उंचसखल

फळ्या आधी पक्क्या करा. करकरणारी प्रत्येक फळी प्रत्येक कडीवर दोन स्क्रूंनी बसवायची. खिळा नको, खिळा सैल होतो आणि करकर परत येते. जुना साग इतका टणक असतो की आधी ड्रिलनं भोक न पाडता स्क्रू घातला तर फळी तरी फाटते, नाहीतर स्क्रूचं डोकं तरी झिजतं. वर आलेले जुने खिळे पंचनं आत दाबा. वाटीसारख्या वळलेल्या फळ्यांच्या कडांना रंधा मारा. किडलेली फळी बदलताना नवीही त्याच जाडीची घ्या.

मोजणीसाठी पाण्याची नळी पुरते. लेसर भाड्यानं मिळाला तर उत्तम, पण गवंड्याची लेव्हल नळी तेच काम करते, फक्त आत बुडबुडा राहू देऊ नका. चारही भिंतींवर छातीच्या उंचीला एकाच पातळीची खूण करा आणि निळीची दोरी मारून रेघ ओढा. मग जमिनीवर दीड-दीड फुटांवर खडूच्या चौकटी आखा. समोरासमोरच्या रेघांवर दोरी ताणायची आणि चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यावर दोरीपासून जमिनीपर्यंतचं माप तिथेच फळीवर लिहायचं. तासाभरात अख्ख्या खोलीचा नकाशा पायाखाली तयार होतो: कुठे टेकाड, कुठे खड्डा, उतार कोणत्या भिंतीकडे.

इथे एक गोष्ट ठरवा. खोली पूर्ण पाणपातळीत आणायची, की उतार राहू देऊन नुसती सपाट करायची? टाइलला सपाटी लागते. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी कुठेही, कोणत्याही दिशेला ठेवली तरी तिच्याखाली एका सुतापेक्षा जास्त फट नको. दोन फुटी टाइल असेल तर त्याहूनही कमी. पण बारा फुटांत इंचभर उतार सगळीकडे एकसारखा असेल तर टाइलला त्याचं काही नाही. कपाटाच्या पायाखाली चिपटं घालावं लागेल, इतकंच. पूर्ण पातळीचा हट्ट धरला की एका भिंतीशी जमीन दोन-तीन इंच वर येते, आणि जुन्या घराच्या बुटक्या दारातून डोकं आपटायला लागतं. मी तरी झोळ आणि टेकाडं काढतो, उतार बहुधा राहू देतो.

खड्डा भरायची चांगली पद्धत सुताराची. त्या भागातल्या फळ्या उचलायच्या, कड्यांच्या पाठीवर उतरत्या जाडीच्या लाकडी पट्ट्या स्क्रूनं बसवायच्या आणि फळ्या परत ठोकायच्या. पट्टी अख्खी हवी, मापानं रंधलेली. पुठ्ठा, प्लायचे तुकडे, लॅमिनेटच्या चिपट्या एकावर एक रचून उंची भरलेली दिसली तर ती काढायला लावा. दबून दबून त्या सैल होणारच.

खड्डा अर्ध्या इंचाच्या आतला आणि पसरट असेल तर सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड चालतं, पण पिशवीवर लाकडी जमिनीसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं. ते पाण्यासारखं वाहतं. आधी प्रत्येक फट, प्रत्येक गाठीचं भोक, भिंतीलगतची कड बुजवली नाही, तर ते कडीपाटातून थेट खालच्या पलंगावर पडतं. कंपनीनं सांगितलेला प्रायमर मारायचाच. त्याचंही वजन असतं, दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे पावणेदोन किलोच्या आसपास; म्हणून अख्ख्या खोलीत जाड थर ओतू नका. वाळू-सिमेंट लाकडावर पातळ थरात टाकायचं नाही, पीओपी तर अजिबात नाही.

प्लाय आणि त्यावर बोर्ड

फळ्यांवर थेट टाइल चिकटत नाही असं नाही, चिकटते. पण टिकत नाही. कारण प्रत्येक फळी आपापली हलते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, हवा कोरडीठाक. फळ्या आकसतात, फटी रुंदावतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच फळ्या ओल पिऊन फुगतात. ही हालचाल वरपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये दोन थर हवेत.

पहिला थर १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. शीटवर आयएस ७१० चा आयएसआय शिक्का बघून घ्या. दुकानदाराचा "एकदम मरीन माल आहे" हा शब्द पुरत नाही. आठ बाय चारची अख्खी शीट माडीच्या अरुंद जिन्यातून वर जात नाही, तेव्हा दुकानातच चार बाय चारचे तुकडे करून घ्या. आणल्याबरोबर ठोकू नका. तुकडे त्याच खोलीत चार-पाच दिवस मोकळे उभे राहू द्या, म्हणजे तिथल्या हवेला सरावतात. खालची बाजू आणि चारही कडा लाकडाच्या प्रायमरनं बंद करा.

बसवताना वरच्या पापुद्र्याची रेघ कड्यांना काटकोनात ठेवा. सांधे एका ओळीत येऊ देऊ नका, चार तुकड्यांचे कोपरे एका जागी कधीच नको. दोन तुकड्यांत एक सूत फट, भिंतीशी दोन-तीन सूत. ही फट भरायची नाही, प्लायला हलायला ती जागा आहे. स्क्रू कडेनं सहा-सहा इंचांवर, मध्ये आठ-आठ. फळी इंचभर जाड असेल तर ४० मिलिमीटरचा स्क्रू बरोबर: फळीत पक्का रुततो आणि खालून टोक बाहेर येत नाही. फळी बारीक असेल तर स्क्रूही आखूड घ्या, नाहीतर खालच्या खोलीत मान वर केली की कडीपाटातून काटे आलेले दिसतील.

आता त्यावर चाला. खोलीभर, प्रत्येक सांध्यावर पाय दाबत. कुठेही करकर ऐकू आली तर स्क्रू वाढवा. पुढच्या थरानंतर हे ऐकू येईल, पण दुरुस्त करता येणार नाही.

दुसरा थर सहा मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड. बोर्ड नुसता स्क्रूनं ठोकायचा नाही. प्लायवर टाइलचाच मसाला दातेरी करणीनं पसरायचा, बोर्ड त्यात दाबून बसवायचा, मग गंज न चढणारे २५ मिलिमीटरचे स्क्रू आठ-आठ इंचांवर. खाली मसाला भरला की बोर्डाखाली पोकळी राहत नाही, आणि पोकळी नसली की टाइल वाजत नाही. बोर्डाचे सांधे प्लायच्या सांध्यांवर आणू नका, निदान सहा इंच सरकवा. सांध्यांवर फायबरची जाळीपट्टी लावून तिच्यावर मसाल्याचा पातळ हात. शेवटी पुन्हा सहा फुटी पट्टी फिरवा.

माडीवर न्हाणीघर काढायचं कुणाच्या मनात असेल तर त्यांना माझं सांगणं सरळ आहे: लाकडावर काढू नका. खाली अंगणाच्या बाजूला काढा.

चढलेली उंची

प्लाय १८, बोर्ड ६, दोन थर मसाला सहा-सात आणि टाइल नऊ. म्हणजे जमीन सुमारे दीड इंचानं वर येते. मातीचा थर निघाला असेल तर उलट खालीच जाईल. दोन्ही बाबतींत जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या उंचीची होते, आणि अंधारात पाय तिथेच चुकतो. वरच्या पायरीवर फळी चढवून किंवा उतरवून ती उंची जुळवा. दारं प्लाय बसल्यावर लगेच उतरवून खालून कापून घ्या, टाइल बसल्यावर नको.

टाइल आणि हवामान

निवड सोपी ठेवा: एक बाय एक किंवा सोळा इंची, साधी सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड. दोन बाय चारची चकचकीत टाइल लाकडी माडीवर नको. ग्रॅनाइट, कोटा किंवा शहाबादी तर नकोच. वजन वाढतं, आणि नैसर्गिक दगडाला झोळ सिरॅमिकच्या निम्माच सोसतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे सिमेंटची रबडी तिला धरत नाही. पॉलिमरचा तयार मसालाच घ्या, आयएस १५४७७ चा, आणि पिशवीवर लवचिकतेची एस १ खूण असलेला. दुकानात दोन पिशव्यांच्या किमतीत फरक दिसेल. इथे स्वस्त घेऊ नका.

कामाचा मुहूर्त दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. लाकूड तेव्हा फार फुगलेलंही नसतं, फार आकसलेलंही नाही. आखाजीच्या आत उरकायचं म्हणून एप्रिलमध्ये काम काढलं तर गरम झळांनी पसरलेल्या मसाल्यावर पाच-दहा मिनिटांत साय धरते, आणि साय धरलेल्या मसाल्यावर दाबलेली टाइल वरवर बसलेली दिसते, धरत मात्र नाही. इलाजच नसेल तर पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबा, खिडक्या बंद ठेवा, माठातलं गार पाणी वापरा, बोर्ड ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि एका वेळी दोन-तीन टाइलपुरताच मसाला पसरा. बोटानं मसाला दाबून बघायची सवय लावा. बोटाला लागला नाही तर खरवडून टाका. अधूनमधून नुकती बसवलेली एक टाइल उचलून पाठ बघा. पाठभर मसाला लागलेला हवा, कोपऱ्यांसकट.

सांधे तीन मिलिमीटरचे, स्पेसर घालून. भिंतीशी चारही बाजूंनी दोन सूत मोकळं सोडा. गवंडी सवयीनं ही फट मालानं बुजवतो, म्हणून त्या दिवशी तुम्ही समोर हवे. स्कर्टिंग भिंतीला चिकटवा आणि जमिनीच्या टाइलपासून किंचित वर ठेवा. मधली चीर सिलिकॉननं भरा, ग्राउटनं, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरायच्या मसाल्यानं, नाही. माडीची जमीन जिथे संपते आणि विटांचं किंवा स्लॅबचं बांधकाम सुरू होतं, म्हणजे बहुधा उंबरठ्याशी किंवा गच्चीच्या दारात, तिथे टाइल सलग नेऊ नका. त्या रेषेवर सांधा सोडा, सिलिकॉन भरा, वर ॲल्युमिनियमची पट्टी बसवा.

ग्राउट दुसऱ्या दिवशी भरा. खालचे टेकू मात्र लगेच काढू नका. आधी आठवडाभर वर कुणी जड सामान नेऊ नये, मग एकेक बल्ली सैल करत जा, मधल्या बल्लीपासून सुरुवात करून भिंतीकडे, आणि प्रत्येक बल्ली सोडल्यावर वर जाऊन मधल्या रांगेतल्या टाइल लाकडी मुठीनं वाजवून बघा.